अण्णांनी केलेली साथ

तिसरा तास सुरू व्हायला पाचेक मिनिटं होती. सातवीच्या वह्यांचा गठ्ठा उचलून मी वर्गाकडे निघाले होते, तेवढ्यात शाळेचा शिपाई धापा टाकत आला आणि ऑफिसात फोन आहे म्हणाला. पलीकडे मंगल होती. "शैला, अण्णा गेले ग. पहाटे. झोपेतच…" एवढं म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला. मी रिसीव्हर जागेवर ठेवला, वर्गावर गेले आणि अपूर्णांकांची बेरीज शिकवायला लागले. का गेले, रजा टाकून लगेच का निघाले नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, तुम्ही फळा वाजवताय." बघितलं तर उजव्या हातात खडू होता आणि डाव्या हाताची बोटं फळ्याच्या चौकटीवर त्रितालाचा ठेका धरून बसली होती. तेव्हा कुठं मला रडू आलं.

हुबळीहून धारवाडची बस पकडली. लग्न होऊन हुबळीजवळ उणकलला राहायला आल्यापासून महिन्यातून एकदा तरी मी या रस्त्यानं अण्णांकडे जात होते. घरी पोचले तेव्हा त्यांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. माणसं जमली होती… कोर्टातले वकील, शाळामास्तर, दोन-तीन गवई, एकेकाळी शिबिरात हाफपँट घालून येणारी आणि आता बापे झालेली पोरं. अण्णांची मुलगी मंगल दाराशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वाट करून देत होती. मला बघून तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. त्या दिवशी आम्हा दोघींत याखेरीज काही घडलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. धारवाडचे ज्येष्ठ तबलावादक दत्तूअण्णा यांचं निधन, अनेक नामवंत गायकांना त्यांनी साथ केली होती, वगैरे. बातमी खरी होती. पण साथ केली म्हणजे नेमकं काय केलं, ते चार ओळींत मावण्यासारखं नव्हतं. मला स्वतःला ते उमगायला पंधरा-सोळा वर्षं लागली आणि त्यातला शेवटचा धडा तर अण्णा गेल्यानंतर मिळाला. तो लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून आज सहा आठवड्यांनी बसले आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. धारवाडात माळमड्डीतल्या एका शाळेत मे महिन्यात तीन आठवड्यांचं संगीत शिबिर भरायचं. गावातल्या चार गाणंवेड्या मंडळींनी हौसेनं चालवलेलं. बाक भिंतीला लावून सतरंज्या अंथरायच्या, सकाळी साडेसातला प्रार्थना, बाराला सुट्टी. मधल्या वेळेत वर्तमानपत्राच्या पुडीत गिरमिट, म्हणजे तिखट कालवलेले चुरमुरे, आणि एकेक मिरची भजी. शिकवायला मात्र पुस्तकी मास्तर नसायचे, खरे मैफलीतले कलावंत यायचे. ज्यांचं नाव पोस्टरवर बघायचं, ते समोर मांडी घालून बसलेले असायचे आणि आपल्यासारखीच मिरची तिखट लागली म्हणून हाशहुश करत पाणी मागायचे. गावातले एक सतारिये यायचे, ते पहिल्या दिवशी सगळ्यांना रांगेत उभं करून नखं तपासायचे. पुण्याहून एक गायिका शेवटच्या आठवड्यात येत. त्यांनी मुलींना सांगितलं होतं की गायला बसण्याआधी अर्धा तास कुणाशी भांडायचं नाही, आईशीसुद्धा. हे असलं कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत, पण तेच लक्षात राहिलं आहे.

मी तबल्याकडे गेले ती चिंचांमुळे. आमचे अप्पा वकील. मुलीला गाणं यावं अशी त्यांची फार इच्छा, म्हणून दहावीला जायच्या आधीच्या सुट्टीत त्यांनी माझं नाव गायनाला घातलं. शाळेच्या आवारात चिंचेचं झाड होतं. दोन दिवस मी त्याचा समाचार घेतला आणि तिसऱ्या दिवशी माझा घसा असा काही बसला की गायनाच्या बाईंनी हात जोडून मला बाहेर काढलं. मी व्हरांड्यात हिंडत होते. चित्रकलेच्या वर्गात तबल्याचा वर्ग भरला होता. दारातून बघत होते तर आतून आवाज आला, "उभी का राहिलीस ग अक्कव्वा? बस की. इथं आवाज लागत नाही."

ते दत्तूअण्णा. त्या वेळी पन्नाशीच्या अलीकडचे असतील. ठेंगणे, पांढरा पायजमा, वर चौकडीचा शर्ट, कानाच्या पाळीवर केस. मोठमोठ्या गवयांबरोबर गावोगाव फिरलेला हा माणूस मे महिना मात्र शिबिरासाठी राखून ठेवायचा. आत सहा मुलगे होते आणि सहाही तबल्यांवर खोळी चढवलेल्या. कुणी वाजवत नव्हतं. शेजारच्या वर्गात गायनाचा वर्ग चालला होता आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या त्या गाण्याला ही सहा पोरं हातानं टाळी धरून बसली होती. अण्णांची शिकवायची रीत ही अशी. पहिला आठवडाभर तबल्याला हात लावायचा नाही. भिंतीपलीकडचं ऐकायचं आणि सम शोधायची. सम म्हणजे तालाच्या फेऱ्यातली पहिली मात्रा. गाणारा कुठंही हिंडून आला तरी इथं येऊन टेकतो, तबलाही इथंच टेकतो, आणि ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप डोलतात ती ही जागा. "सापडली का?" अण्णा विचारायचे. सापडली तर उजवा तळवा वर करून म्हणायचे, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. शिव्या देतानाही साकु आणि शाबासकी देतानाही साकु. कुठला साकु कशाचा, ते त्यांच्या भुवयांवरून ओळखायचं. घसा सुटल्यावरही मी गायनाकडे परत गेले नाही. अप्पा महिनाभर माझ्यावर रुसून होते, मुलीच्या जातीनं तबला बडवायचा म्हणजे काय, म्हणून.

भिंतीपलीकडच्या आवाजांत एक आवाज चटकन ओळखू यायचा. तो मंगलचा. अण्णांची एकुलती एक मुलगी, माझ्याच वयाची, माझ्याच शाळेतली, पण तुकडी वेगळी. मधल्या वेळेत आम्ही एका पुडीतलं गिरमिट खायचो आणि तिला तिखट सोसत नाही म्हणून तिची मिरची मला मिळायची. तिचा आवाज… मला गाण्यातलं तेव्हा काय कळत होतं? पण ती गायला लागली की तबल्याची पोरंही टाळी विसरायची. मी सम शोधायला शिकले ती मंगलच्या गाण्यात. पुण्याच्या बाई आल्या आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "ही गाईल." शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांची मैफल असायची. ती ऐकून, दहावीनंतर मंगलला पुण्याला शिकायला ठेवून घ्यायचं का ते बघू, असं त्यांनी अण्णांना सांगितलं. ही गोष्ट शिबिरभर झाली. मंगलला आनंद झाला, अण्णांना झाला, आणि मला… मी इथं खोटं लिहिणार नाही. मला तिचा हेवा वाटला. सगळ्यांच्या तोंडी मंगल, मंगल. मी एकटी मुलगी त्या सहा जणांत बसून बोटं सोलून घेत होते, त्यांची टवाळी सोसत होते, त्याचं कुणाला काही नव्हतं.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी अण्णांनी मला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. मैफलीत मंगलला साथ मी करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. विद्यार्थ्याला विद्यार्थ्यानंच साथ करायची, मास्तरांनी समोर बसून ऐकायचं, असा शिबिराचा रिवाज होता. "ठेका तुझा पक्का आहे," ते म्हणाले. "पण गाणारा चुकला तर काय करशील?" मी म्हटलं, "मी नाही चुकणार." "ते नाही ग विचारलं," म्हणून ते हसले आणि स्वतःच गायला लागले. अण्णांचा गायचा आवाज म्हणजे पत्रा ओढल्यासारखा. त्रितालाचा फेरा सोळा मात्रांचा. घाबरलेला गाणारा हमखास चुकतो तो अर्ध्या फेऱ्यानं, आठ मात्रा आधी येऊन टेकतो. अशा वेळी तबलेवाल्यानं निमूटपणे त्या आठ मात्रा गाळायच्या आणि त्याच्या समेवर जाऊन उभं राहायचं. ठेका फिरवायचा म्हणतात याला. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि कित्येकदा गाणाऱ्यालाही लागत नाही. अण्णा मुद्दाम चुकायचे, मी ठेका फिरवायची. "परत चुकतो बघ," म्हणायचे. दहा-बारा वेळा झाल्यावर जमलं. तळवा वर करून म्हणाले, "साकु." भुवया शाबासकीच्या होत्या.

शनिवारी मैफल झाली. पहिल्या रांगेत पुण्याच्या बाई, त्यांच्या शेजारी अण्णा, मग सतारिये, मागं आईबाप आणि वकील मंडळी. आमचे अप्पाही आले होते. मंगलनं यमन गायला. मांडणी सुरेख झाली. बाईंनी एकदा डोळे मिटलेले मी बघितले. मग बंदिश सुरू झाली, ताना सुरू झाल्या आणि तिसऱ्या तानेवरून परतताना मंगलनं मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ, अर्धा फेरा आधी उचलला. मला तो दुसऱ्या अक्षरालाच कळला. अण्णांनाही कळला. मी त्यांच्याकडे बघितलं तर मांडीवर ठेवलेला त्यांचा तळवा उलटा झाला होता. फिरव, म्हणत होते. मला वेळ होता, मला ते येत होतं, तीनच दिवसांपूर्वी शिकले होते… आणि मी ठेका फिरवला नाही. उलट नवी शिकलेली एक तिहाई, तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा, घेतली आणि बरोब्बर खऱ्या समेवर, मंगलच्या ओळीच्या मध्यावर, धाडकन जाऊन आपटले. समोरून दोघंतिघं म्हणाले, "वा!" ती वाहवा मला होती. जाणकारांना कळलं होतं की गाणारी चुकली आहे आणि तबला बरोबर आहे. मंगल थांबली. दोनदा तिनं मुखडा पुन्हा धरायचा प्रयत्न केला, पण एकदा जमीन सुटली की पाय लागत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी खाली तबल्याकडे बघत होते. तिनं हात जोडले आणि ती उठून गेली.

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. मग अण्णा उठले, स्टेजवर आले, माइक हातात घेतला. ते कधी माइकवर बोलत नसत. म्हणाले, "पोरींची यात चूक नाही. गाणारी चुकली तर ठेका कसा फिरवायचा, हे मी हिला अजून शिकवलंच नाही. मास्तर चुकला म्हणायचं आणि पुढचं ऐकायचं." लोक हसले, टाळ्याही वाजल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते खाली उतरले. मी तिथंच बसून होते. एवढ्या लोकांसमोर त्या माणसानं माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं. पुण्याच्या बाई संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. पुढच्या वर्षी बघू, असं काहीसं म्हणाल्या म्हणे. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत.

आणि मंगलनं गाणं सोडलं. भांडण नाही, रडारड नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली, आम्ही दहावीत गेलो, रस्त्यात भेटलो की बोलायचो. गाण्याचं विचारलं की म्हणायची, "अभ्यास आहे की." दहावीनंतरही तेच आणि बी.कॉम. झाल्यावरही तेच. पुढं ती सरकारी ऑफिसात चिकटली, काकू, म्हणजे तिची आई, वारल्यावर घरचं सगळं तिच्या अंगावर पडलं. लग्नाचं कुणी काढलं की ती अण्णांच्या औषधांचं काढायची.

मैफलीच्या दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेले होते. दार अण्णांनीच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "उद्यापासून सकाळी सहाला येत जा. उशीर केलास तर परत पाठवीन." झालं. त्यानंतर सात वर्षं मी त्यांच्याकडे शिकले. त्यांनी त्या शनिवारचा विषय काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही. एकदाच, मी एका गायकाच्या चुकीवर फार ऐटीत बोलत होते तेव्हा म्हणाले, "साथीला बसल्यावर दोघांपैकी एकालाच बरोबर ठरता येतं ग. ते आपण नाही ठरायचं." मी मान खाली घातली. रियाज चालू असताना मंगल आतून चहा आणून ठेवायची आणि कप टेकवताना तो कधीही वाजू द्यायची नाही. सात वर्षांत एकदाही मी तिला खरं सांगितलं नाही. मला येत होतं ग, मी मुद्दाम केलं… एवढी बारा-तेरा अक्षरं. रोज सकाळी सहाला मी ती अक्षरं घेऊन जायची आणि साडेसातला परत घेऊन यायची.

मी तबलावादक झाले नाही. बी.एड. केलं, गणिताची शिक्षिका झाले, लग्न झालं, उणकलला नव्या वसाहतीत घर झालं. हुबळी-धारवाडात कुणाच्या घरी भजन असलं, शाळेत कार्यक्रम असला की साथीला बसते, एवढंच. शिबिरही हळूहळू आटत गेलं. पोरं कीबोर्ड मागायला लागली, मग सुट्टीत कॉम्प्युटरचे वर्ग निघाले, मग टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांसाठी तयारी करून घेणारे आले. अण्णा कुरकुर करत नसत. शेवटच्या शिबिरात पाच मुलं होती. भिंतीपलीकडे गायनाचा वर्गच नव्हता, तर अण्णांनी रस्त्यावरून जाणाऱ्या भाजीवाल्याच्या आरोळीला टाळी धरायला लावली आणि त्यातही सम काढून दाखवली.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात गेला. डग्गा डाव्या हातानं वाजतो आणि तबला उजव्या हातानं. मी दवाखान्यात भेटायला गेले तर तोंड जरा वाकडं करत म्हणाले, "डग्गा गेला ग. तबला राहिला." मला हसावं की रडावं कळेना. त्यानंतर दिवसभर ते बाहेरच्या खोलीतल्या लाकडी खुर्चीत बसून असायचे आणि उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर चालायची. बोलत असोत, जेवणाची वाट बघत असोत, बोटं चालूच. तिथलं पॉलिश उडालं आणि आतलं लाकूड दिसायला लागलं.

ते जायच्या आधी महिनाभर, एका रविवारी, मी त्यांना शेवटचं भेटले. मंगल बाजारात गेली होती. अण्णा त्या दिवशी फार बोलले, म्हणजे त्यांच्या मानानं. अचानक म्हणाले, "मंगल गाते, माहीत आहे का तुला?" मी चमकले. "मी झोपलो असं वाटलं ना, की स्वैपाकघरात गुणगुणते. मी मग हलत नाही. परवा खोकला आला होता, तर दाबून धरला." बोलताना त्यांचा एक डोळा वाहत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, त्या बुधवारी तुम्ही मला शिकवलं होतं. ठेका फिरवायला. मला येत होतं. मी…" त्यांनी उजवा तळवा वर केला. "साकु," म्हणाले. भुवयांवरून या वेळी मला काही ओळखता आलं नाही. मग म्हणाले, "तिला एकदा साथ कर की ग. माझ्यानं झाली नाही ती." मी हो म्हटलं. तेवढ्यात मंगल भाजीची पिशवी घेऊन आत आली आणि अण्णांनी विषय बदलून पेरूचा भाव विचारला.

मी हो म्हटलं खरं, पण केलं काहीच नाही. परीक्षा आल्या, पेपर तपासायचे आले. खरं कारण भीती. महिन्याभरात फोन आला.

परवाच्या रविवारी मी पुन्हा धारवाडला गेले. दिवस-कार्य उरकून गेले होते, पाहुणे पांगले होते. मंगल बाहेरच्या खोलीत खाली बसून मटार सोलत होती. खुर्ची रिकामी होती. खुर्चीकडे पाठ करून बसायचं नाही, म्हणून आम्ही दोघीही भिंतीला टेकलो. मी मटाराच्या चार शेंगा सोलल्या आणि सांगून टाकलं. बुधवारचं, अण्णांच्या उलट्या झालेल्या तळव्याचं, तिहाईचं, हेव्याचं. सगळं, एका दमात. मंगलचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला माहीत आहे ग."

"काय माहीत आहे?"

"त्या बुधवारी अण्णांना घरी न्यायला आले होते मी. बाहेर पायरीवर बसले होते. ते गात होते, तू फिरवत होतीस. दहा-बारा वेळा. मला हसू येत होतं अण्णांच्या गाण्याचं."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं… चहाचा कप न वाजवता ठेवत होती तेव्हाही. "मग तू गाणं…"

"सम चुकली म्हणून कोण गाणं सोडतं ग?" ती शेंगेतले दाणे वाटीत टाकत म्हणाली. "घरात रोज चुकत होते की मी. अण्णा सावरून घ्यायचे, मला कळायचंसुद्धा नाही. त्या दिवशी त्यांनी तुला सावरून घेतलं. माइकवरनं, माझ्यासमोर, खोटं बोलून. मी पडद्यामागं उभी होते. मला वाटलं, हे तिच्या समेवर जाऊन उभे राहिले. आता माझ्या समेवर कोण येणार?" पुढची शेंग उचलून म्हणाली, "पंधरा वर्षांची पोर होते. राग तो. मग रागाची सवय झाली. अण्णांना मी कधी बोलले नाही. पण त्यांना कळलं नसेल, असं होतं का? त्यांना भिंतीपलीकडचंसुद्धा कळायचं."

दोघीही रडलो. मटार सांडले, ते गोळा केले. मग मी तिला अण्णांचं शेवटचं बोलणं सांगितलं, खोकला दाबून धरल्याचंही. त्यावर ती उठून आत गेली, तोंड धुऊन आली आणि कोपऱ्यातल्या तबल्यावरची खोळ काढून म्हणाली, "लाव की मग." खोळीच्या खिशात अण्णांची हातोडी होती, लाकडी मुठीवर अंगठ्याचा खळगा पडलेली. माझा अंगठा त्यात सैल बसला. तबला काळी चारला लावलेला होता, मंगलच्या जुन्या पट्टीत. अण्णांनी तो इतकी वर्षं तिथंच ठेवला होता, हे आम्हा दोघींच्याही एकदमच ध्यानात आलं. "तेवढं वर नाही जायची आता मी," मंगल म्हणाली. वाद्यांखालचे लाकडी गट्टे खालून ठोकून मी तो पांढरी पाचपर्यंत उतरवला.

तिनं यमनच धरला, तीच बंदिश. आवाज चरचरत होता, वरच्या सुरांना पोचताना तुटत होता. पण जागा सगळ्या होत्या. स्वैपाकघरात कुणीतरी रोज त्यांच्यावरचा धूळ-केर काढलेला होता. एक तान घेतली, परत आली, आम्ही दोघी समेवर भेटलो. दुसरी घेतली. तिसऱ्या तानेवरून परतताना तिनं मुखडा उचलला आणि दुसऱ्या अक्षराला मला कळलं. आठ मात्रा आधी. तिचे डोळे माझ्यावर होते. माझ्या बोटांनी त्या आठ मात्रा सोडून दिल्या आणि मी तिच्या समेवर जाऊन उभी राहिले. ती न थांबता पुढं गात राहिली.

ती खरंच चुकली की मुद्दाम चुकली, ते मी विचारलं नाही. कधी विचारणारही नाही. गाणं संपल्यावर तिनं उजवा तळवा वर केला, अगदी तस्साच, आणि म्हणाली, "साकु." मग उठली आणि जाऊन अण्णांच्या खुर्चीत बसली. पॉलिश उडालेल्या त्या जागेवर तिनं हात ठेवला. सहा आठवड्यांत त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं.